झाकणाचा भाव

श्रीधर,

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असा निरोप आला. तुझं शिक्षण कुठे झालं, तू बंगळूरला कधी आलास, कोणकोणते सत्कार झाले, हे लिहायला त्यांच्याकडे दुसरी माणसं आहेत. मला ते जमणार नाही. तुझ्याशी मी आजवर एकच गोष्ट मनापासून केली, ती म्हणजे भांडण. तू गेलास म्हणून ते मिटलं असं मी धरत नाही.

परवा येलहंक्याहून, तुझ्या घरून निघाले. ऑटोवाल्याने जे. पी. नगरचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं. "स्वल्प जास्ती कोडी, मेडम." थोडं जास्त द्या. एरवी अशा वेळी मी पाठ फिरवते, चार पावलं जाते, त्याला हाक मारायला लावते आणि मग माझ्या भावात बसते. परवा मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि आत बसले. हेब्बाळच्या पुलावर गाड्या तुंबल्या तेव्हा लक्षात आलं, की हे उद्या ऑफिसात सांगायला कोणी नाही. तू असतास तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतास, "मागितले तेवढे देऊन बसल्या? अक्का, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे. घासाघीस करायची इच्छा मात्र राहिलेली नाही, आणि माझ्यासारख्या बाईला हे आजारपणापेक्षा वाईट.

तुला आठवतं, आपली ओळखच घासाघिशीतून झाली. मंडळाच्या गणपतीत मी जेवणाच्या कंत्राटदाराशी जिलबीवरून वाद घालत होते. तू मारतहळ्ळीच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीतला, नागपूरहून आलेला, बंगळूरच्या हवेत स्वेटर घालून उभा. कंत्राटदार हरून गेल्यावर तू जवळ आलास आणि विचारलंस, "तुम्ही भाव पाडता ते कोणत्या नियमानं?"

मी म्हटलं, "नियम कसला? समोर माणूस असतो, त्याच्याकडे बघायचं."

"बघून काय ठरवता, ते लिहून देता येईल का?"

मला वाटलं, हा येडा आहे. तेव्हा मी चिकपेटच्या घाऊक दुकानांना बिलाची यंत्रं विकत फिरत होते. त्याआधी त्याच पेठेत एका अस्तर-बटणांच्या दुकानात गल्ल्याशेजारी उभी राहायचे. आमचं घर पिढ्यांपासून इथलं, पण माझ्या हाताला कोणी काही दिलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट मी मागून, रेटून, वेळ पडली तर ओरडून मिळवली होती. आणि हा माणूस पगाराची नोकरी सोडून माझ्या यंत्रात घालायला एक नवी भाषा करतो म्हणत होता, संगणकाची भाषा, दुकानदाराला स्वतःचे भावाचे नियम स्वतः लिहिता येतील अशी. मोठंसं संस्कृत नाव शोधून ठेवलं होतंस. मी चिडून म्हटलं, "ती दुकानात चालायची आहे, देवळात नाही. दुकानी म्हण तिला." तू तेच नाव ठेवलंस. मी थट्टा केली होती, तू ती पाटीवर लावलीस.

आता मी रागात आहे, म्हणून आधी चांगलं सांगून घेते. माझी तक्रार खरी आहे, तिला खोट्याचा आधार नको.

दुकानीत प्रत्येक नियम साध्या वाक्यात लिहायचा. कन्नडात लिहा, मराठीत लिहा, दुकानात बोलता तसं लिहा. आणि प्रत्येक नियमाला कारण द्यायचं, खाली सांगणाऱ्याचं नाव द्यायचं. नाव नसेल तर नियम घेतलाच जायचा नाही. आपलं पहिलं गिऱ्हाईक, भांड्यांचे घाऊक व्यापारी नागराजण्णा. त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केलेला पहिला नियम मला पाठ आहे: जुन्या गिऱ्हाइकाला पातेल्यावर शेकडा दोन कमी. कारण, ओळख वडिलांपासूनची. सांगणार, नागराज. मग कुठल्याही आकड्यासमोर 'का' लिहिलं की भाषा सगळे नियम एकाखाली एक मांडून दाखवायची. नागराजण्णांचा मुलगा म्हणाला होता, "अप्पा इतकी वर्षं भाव सांगतात, पण का ते आज पहिल्यांदा कळलं."

आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे, दोन नियम एकमेकांच्या आड आले आणि भाषेला सुटेनासं झालं, की ती थांबायची. पडद्यावर यायचं: अडलं, नागराजला विचारा. तू मला तेव्हा समजावलं होतंस, की बाकीच्या भाषा अशा वेळी काहीतरी ठोकून देतात, किंवा कोणालाच न कळणारा आकडा फेकतात. "आपली भाषा अडाणी असली तरी चालेल अक्का, तिनं शहाणपणाचा आव आणू नये. नाही कळलं तर माणसाला विचारावं." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की या येड्याबरोबर धंदा करण्यात अर्थ आहे. मी विकत होते ते तेच वाक्य होतं. दुकानातून दुकानात गेले आणि तेच सांगितलं. नाही कळलं तर तुम्हाला विचारेल, स्वतःच्या मनाने काही करणार नाही.

मग रिकाम्या जागेला तू काय केलंस?

दोष तर सगळ्याच गोष्टींत असतात. दुकानीत नियमाला शेवटची तारीख नव्हती. नागराजण्णांची दसऱ्याची सूट संक्रांत आली तरी चालूच होती. मी तुला फोनवर ऐकवलं तेव्हा तू हसत सुटलास. "हे तर डोक्यातच नाही आलं, बाप्पा." लगेच बसून दुरुस्त केलंस. म्हणजे चुकलं म्हणणं तुला येत होतं. म्हणून तर दुसरं जास्त लागलं.

भांड्यांच्या धंद्यात पातेल्याबरोबर झाकण जातं. झाकणाचा वेगळा भाव कोणी लावत नाही. नागराजण्णांकडे तू कितीतरी दुपारी स्टुलावर बसून बिलं होताना बघत होतास. बिलावर पातेल्याचा आकडा, झाकण लिहिलेलं आणि त्यापुढची जागा रिकामी. तू ते पाहिलंस आणि भाषेच्या पायातच घातलंस, की जिथे भाव लिहिलेला नाही तिथे शून्य समजायचं. ऑफिसात येऊन खूश होऊन सांगत होतास.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "श्रीधर, झाकणाचं ठीक आहे. पण भाव न सांगणं म्हणजे फुकट नव्हे."

"न सांगितला तर काय समजायचं मग?"

"काही समजायचं नाही. विचारायचं. तूच तर म्हणतोस, नाही कळलं तर विचारायचं."

"गिऱ्हाईक समोर उभं असताना प्रत्येक झाकणापाशी थांबून विचारत बसली, तर नागराजण्णा मशीन नाल्यात फेकतील."

"मग झाकणापुढे 'सोबत' लिहायला लाव."

"कोण लिहिणार? इतकी झाकणं. साधं ठेवा अक्का."

मी त्या काळी घसा फोडून तुला सांगत होते, की घासाघिशीत सगळ्यात मोठी गोष्ट न बोललेल्या भावाची असते. व्यापारी गप्प बसतो तेव्हा तो फुकट देत नसतो. तो थांबलेला असतो, किंवा चिडलेला असतो, किंवा तुम्ही आधी बोलावं म्हणून बसलेला असतो. गप्प बसण्याला शून्य समजणारा माणूस पेठेत एक दिवस टिकणार नाही. तू म्हणालास, "तुम्ही काहून तापून राहिल्या? हे मशीन आहे, माणूस नाही." आणि पुढच्या कामाला लागलास.

मग मोहनलालजींचं झालं. एस. पी. रोडवरचे तांब्याच्या तारेचे व्यापारी. तांब्याचा भाव रोज सकाळी फोनवर ठरतो. माल आला की त्यांचा माणूस तो आत घेतो, आणि भावाची जागा फोन येईपर्यंत मोकळी ठेवतो. त्या धंद्यात रिकाम्या जागेचा अर्थ एवढाच, की भाव अजून यायचाय. दुकानीने तो झाकणासारखा वाचला. तारेची भेंडोळी फुकट म्हणून बिलावर चढली आणि टेम्पोतून रवाना झाली.

त्यांनी मला बोलावलं. तुला नाही, मला, कारण विकायला मी गेले होते. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात ते बिल माझ्यापुढे धरून म्हणाले, "बहनजी, ये दुकान है या धर्मशाला?" बाजूची पोरं हसली. त्या रस्त्यावर मी खाली मान घालून कधी उभी राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले. मग स्वतः त्या गिऱ्हाइकाकडे गेले आणि भांडून माल परत आणला.

ऑफिसात आले तेव्हा तू डबा उघडून बसला होतास. मी सगळं सांगितलं. तू कांदा फोडता फोडता थांबलास आणि म्हणालास, "भाषेनं तिला सांगितलं तेच केलं."

एवढंच. अक्का, तुमचं बरोबर होतं, असं नाही. चला, मी येतो मोहनलालजींकडे, असंही नाही. मी स्टीलचा पेला भिंतीवर मारला तो आठवतोय? त्याचा पोचा अजून आहे. मी त्यातच पाणी पिते.

मग मी म्हटलं, आता तरी बदल. तू म्हणालास, आता नाही बदलता येणार. भांडीवाल्यांनी, बाटल्या-बुचंवाल्यांनी, पेटीबरोबर किल्ली देणाऱ्यांनी, सगळ्यांनी त्या रिकाम्या जागेवर भरवसा ठेवून नियम लिहिले होते. एका सकाळी बदललं तर त्या सगळ्यांचे काउंटर एकदम थांबतील. "ज्याच्यावर लोक उभे आहेत ती फळी चुकीची असली तरी ओढून काढायची नसते अक्का." हे खरं होतं. म्हणूनच राग आणखी वाढला. तारवाल्यांसाठी तू एक वेगळा शब्द करून दिलास, 'यायचाय' असा. ज्याला आठवेल तो लिहील. ज्याला आठवणार नाही त्याचा माल फुकट. मी त्याला मलमपट्टी म्हणायचे. तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास.

आणि त्या कॉलेजातलं व्याख्यान. तुझा सत्कार होता, मी पहिल्या रांगेत रेशमी साडी नेसून बसले होते. एका मुलीने विचारलं, "सर, रिकाम्या जागेला शून्य धरायचं, हा निर्णय तुम्ही आज पुन्हा घेतला असता का?" सगळं सभागृह तुझ्याकडे बघत होतं. मीही. मला वाटलं, आता म्हणेल. तू माइक हातात घेतलास आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "ते आमच्या अक्कांना विचारा." सगळे हसले. तूही हसलास. मी परत येताना गाडीत तुझ्याशी बोलले नाही, आणि का बोलत नाही ते तू विचारलं नाहीस.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनात पक्की केली होती. हा माणूस कधीतरी माझ्यासमोर कबूल करेल, की त्या एका बाबतीत अक्का बरोबर होती. मला काही नको होतं, फक्त ते वाक्य हवं होतं. मी भल्याभल्यांकडून सह्या काढून घेतल्या आहेत. तुझ्याकडून एक वाक्य निघेना.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा दुपार होती, तुझी वैशाली औषधं आणायला खाली गेली होती. तू खूप वाळला होतास. खिडकीकडे बघत म्हणालास, "अक्का, ते रिकाम्या जागेचं..."

मी तुला पुढे बोलू दिलं नाही. "ते भांडण राखून ठेव. बरा होऊन ये, मग घालू." श्रीधर, आडव्या पडलेल्या माणसाशी मी सौदा करत नाही. हा माझा नियम आहे आणि त्याच्याखाली माझं नाव आहे. तू हसलास. "सरी, अक्का," म्हणालास. नागपूरचा माणूस, इतकी वर्षं इथे राहून तेवढाच शब्द तुझ्या तोंडी बसला होता. मग वैशाली आली, नर्स आली, आणि ते वाक्य अर्धंच राहिलं.

परवा तुझ्या घरी मी समाचाराला आले होते, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, मी वसुलीलाही आले होते. पाहुणे उठले आणि वैशाली एकटी राहिली तेव्हा मी विचारलं, "त्याने घरी कधी ते झाकणाचं काही काढलं होतं का? त्या शून्याचं?"

तिने पाहुण्यांचे कप एकत्र केले. मग म्हणाली, "घरी कामाचं काही नाही बोलायचा तो, अक्का."

"काहीच नाही?"

"नाही हो. घर घ्यायचं होतं, येलहंक्यात घ्यावं की नाही, मी दहादा विचारलं. म्हणे, अक्कांना विचारू. पोरीची शाळा, अक्कांना विचारू. माझ्या बापाच्या ऑपरेशनला डॉक्टर कोणता, तर तेही अक्कांना विचारू. मला कधी कधी राग यायचा. म्हटलं, तुला स्वतःला काही कळत नाही का? तर म्हणे, जे नाही कळत तेच तर विचारून राहिलो."

मी चहा तसाच ठेवून उठले. ऑटोवाल्याने मागितलं तेवढं दिलं ते त्यानंतर. हेब्बाळच्या पुलावर मी मनाने सारखी त्या सभागृहात जात होते, बोट दाखवून हसणाऱ्या तुझ्यासमोर. तू थट्टा केलीस की उत्तर दिलंस, हे आता मला कोण सांगणार? इतकी वर्षं मी तिथे काही नाही असंच धरून चालले. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे मीच तुला ओरडून सांगत होते.

ऑफिसात आता खूप शांत असतं. मी काही म्हटलं की सगळे "सरी, अक्का" म्हणतात, आणि ते खरोखर तसं करतात. तू "सरी" म्हणायचास आणि करायचास मात्र स्वतःचंच. जेवायला मी माझ्या टेबलाशी एकटी बसते. तुझी खुर्ची कोणी घेत नाही, मीही कोणाला घेऊ देत नाही. गेल्या आठवड्यात एका व्यापाऱ्याशी मी हरण्यासारखा सौदा जिंकून आले. आत येऊन सांगितलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. "पण त्याला बिचाऱ्याला काय उरलं, अक्का?" असं विचारणारं कोणी नव्हतं.

काल कस्तुरी माझ्याकडे आली. पुण्याची पोरगी, तूच निवडलेली, भाषेचं काम आता तिच्याकडे. म्हणाली, "अक्का, बेसिकली तो एम्प्टी म्हणजे झिरो हा ओरिजिनल डिझाइनमधला फ्लॉ आहे. मी जुन्या दुकानांसाठी एक टूल लिहिलंय. बदलायच्या आधी ते सगळी झाकणं शोधून देईल. मालकाला दाखवायचं, त्याने 'सोबत' लिहायचं. कोणाचा काउंटर अचानक बंद पडणार नाही. करू?"

म्हणजे तुझी फळीही न ओढता काढता येते. मी जिंकले, श्रीधर. समोर कोणी नसताना. पेठेत याला जिंकणं म्हणत नाहीत.

मी विचारलं, "सरांना दाखवलं होतंस हे?"

"अर्धं दाखवलं होतं. हॉस्पिटलमध्ये जायच्या आधी. म्हणाले, बघू. मग राहिलंच."

त्या 'बघू'पुढेही काही नाही. मी म्हटलं, "कर."

आज तिने ते करून आणलं. बदललेली भाषा चालवून बघायला तिने सगळ्यात जुनं नमुन्याचं दुकान उघडलं, तू नागराजण्णांकडच्या स्टुलावर बसून पहिल्यांदा लिहिलेलं. त्यात एकच पातेलं आहे आणि एक झाकण. कस्तुरीने बिल काढायला घेतलं. पातेल्याचा भाव आला. मग भाषा थांबली, जशी तेव्हाच थांबायला हवी होती. पडद्यावर ओळ आली:

झाकणाचा भाव दिलेला नाही. श्रीधरला विचारा.

 मग कस्तुरी घाईघाईने म्हणाली, "सॉरी, सॉरी अक्का. नियम सरांनी लिहिला होता ना, म्हणून त्यांचं नाव येतंय. मी बदलते. तुमचं घालू?"

मी म्हटलं, "राहू दे."

ती जेवायला गेली आहे. मी पडदा बंद केलेला नाही. पातेलं झालंय, बिल झाकणापाशी थांबून आहे.